मॅगझीन क्षमतेची मर्यादा (अमेरिका)

पिस्तुलाच्या मुठीत किंवा रायफलीच्या खालून खोचायच्या स्प्रिंगवाल्या डबीला मॅगझीन म्हणतात, आणि त्या एका डबीत जास्तीत जास्त किती गोळ्या असाव्यात हे कायद्याने ठरवणं म्हणजे ही मर्यादा. अमेरिकेत जिथे जिथे ती आहे (डझनभराहून जास्त राज्यं आणि राजधानी वॉशिंग्टन) तिथे आकडा बहुतेक 10 चा आहे, कोलोराडोत 15, डेलावेअरमध्ये 17, आणि इलिनॉय व व्हरमाँटमध्ये लांब बंदुकीला 10 न् पिस्तुलाला 15. स्वसंरक्षणाला एवढ्या गोळ्या पुरतात का हा एक वाद आणि हे सरकारने ठरवावं का हा दुसरा, पण चर्चेत दोन्ही कायम एकात एक गुंतलेले असतात.

हा 10 आला कुठून यावर बरंच लिहिलं गेलंय. एक प्रचलित मत असं की तो बंदूक कारखानदार बिल रुगर यांच्याकडून आला. जानेवारी 1989 मध्ये कॅलिफोर्नियात स्टॉक्टनच्या प्राथमिक शाळेत गोळीबार होऊन 5 मुलं गेली, त्यानंतर रायफलींवर बंदीची मागणी उसळली तेव्हा रुगर यांनी काँग्रेस सदस्यांना पत्र लिहून सुचवलं की बंदुकींची व्याख्या करत बसण्यापेक्षा मोठ्या मॅगझिनांवरच बंदी घाला, झंझटच नको. पण त्या पत्रात आकडा 15 चा आहे. 'प्रामाणिक माणसाला 10 पेक्षा जास्त गोळ्या लागत नाहीत' अशा अर्थाचं विधान त्यांच्या नावावर सांगितलं जातं आणि बंदूकवाले आजही त्यावरून त्यांना शिव्या घालतात, मात्र 1994 च्या केंद्रीय बंदीच्या कायद्यातला 10 चा आकडा थेट त्या विधानातून आला असं म्हणणं ओढूनताणून वाटतं. तडजोडीत गोल आकडा बरा पडतो, एवढंच कारण असण्याची शक्यता जास्त.

दुसरा गट मुळं अजून मागे नेतो. मिशिगनने 1927 मध्ये 16 पेक्षा जास्त आणि ऱ्होड आयलंडने त्याच साली 12 पेक्षा जास्त गोळ्या रीलोड न करता झाडणाऱ्या शस्त्रांवर बंदी घातली होती, राजधानीत 1932 मध्ये तसाच 12 चा नियम झाला. 1934 च्या केंद्रीय कायद्याच्या पहिल्या मसुद्यातही मशीनगनच्या व्याख्येत 12 गोळ्यांचा उल्लेख होता, नंतर तो गळाला आणि एकदा चाप ओढल्यावर आपोआप एकापेक्षा जास्त गोळ्या सुटतात का हीच कसोटी उरली. मर्यादेचे समर्थक याला परंपरा म्हणतात, विरोधक म्हणतात हे सगळे दारूबंदीच्या काळातले टोळीवाल्यांच्या मशीनगनविरुद्धचे कायदे, आणि पुढे ते रद्द किंवा सौम्य झाले. विरोधकांचा दाखला त्याहून जुना, साधारण 1780 च्या सुमाराची जिरार्डोनी ही 20-22 गोळ्यांची हवेवर चालणारी रायफल आणि 1860 ची हेन्री रायफल. जिरार्डोनी त्या काळी अमेरिकेत कितपत माहीत होती हा प्रश्न मात्र राहतोच, त्यामुळे हेन्रीचा दाखला जास्त वजनदार धरावा.

केंद्रीय बंदी 13 सप्टेंबर 1994 ते 13 सप्टेंबर 2004 अशी बरोबर 10 वर्षं होती. आधी बनलेल्या मॅगझिनांना सूट असल्यामुळे जुना माल दुकानांत खुलेआम आणि चढ्या भावात विकला जायचा. गुन्हेशास्त्रज्ञ क्रिस्टोफर कोपर यांच्या या बंदीवरच्या 2004 च्या अहवालाचा निष्कर्ष असा की परिणाम झाला असलाच तर तो नीट मोजता येणार नाही इतका लहान असावा, आणि त्याचं एक मोठं कारण हा जुना साठाच.

स्वसंरक्षणाच्या बाजूने मुख्य युक्तिवाद असा: रात्री दार फोडल्यावर माणूस अंगावरच्या कपड्यांनिशी उठतो, हातात पिस्तूल आणि त्यात आहेत तेवढ्याच गोळ्या, घाबरलेल्या हातांनी अंगठ्याने बटण दाबून रिकामं मॅगझीन पाडायचं, दुसरं शोधून खोचायचं, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) पुढे सोडायची, हे अंधारात जमेलच असं नाही. शिवाय पोलिसांना यातून सूट असते, मग आम्ही काय घोडं मारलंय, असा सवाल येतो. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, बंदूक संघटनेच्याच मासिकातल्या स्वसंरक्षणाच्या घटना मोजल्या तर सरासरी जेमतेम 2.2 गोळ्या झाडलेल्या दिसतात. पण त्या बातम्यांतून निवडलेल्या घटना आहेत, तेव्हा आकडा जपूनच वापरावा. हीच रीलोडची फट हल्लेखोरालाही अडवते याचं नेहमीचं उदाहरण म्हणजे ॲरिझोनातल्या टूसॉनचा गोळीबार, जानेवारी 2011, 33 गोळ्यांचं मॅगझीन संपल्यावर रीलोड करताना लोकांनी त्याला खाली पाडलं. उलट 2007 मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठातल्या गोळीबारात हल्लेखोराकडे 10 आणि 15 गोळ्यांचीच मॅगझिनं होती, फक्त भरपूर होती.

कोर्टात सगळ्यात लांबलेला खटला कॅलिफोर्नियाचा. तिथे विक्रीवर 2000 पासून बंदी होतीच, 2016 च्या जनमताने जवळ बाळगणंही बेकायदा ठरवलं. न्यायाधीश रॉजर बेनिटेझ यांनी मार्च 2019 मध्ये बंदी उडवली, मग साधारण आठवडाभर विक्री खुली होती आणि लोकांनी दणकून खरेदी केली. पुढे अपील कोर्टाच्या मोठ्या पीठाने 2021 मध्ये बंदी वैध ठरवली, पण 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाच्याच ब्रुएन निकालाने बंदूक कायद्यांना ऐतिहासिक परंपरेची कसोटी लावल्यावर त्या कोर्टाने खटला परत पाठवला, 2023 मध्ये बेनिटेझ यांनी पुन्हा बंदी उडवली, मार्च 2025 मध्ये मोठ्या पीठाने 7 विरुद्ध 4 मतांनी ती परत वैध ठरवली. बहुमताने म्हटलं की मोठं मॅगझीन हे मुळात शस्त्रच नाही, म्हणून राज्यघटनेतल्या शस्त्राच्या हक्कात बसत नाही. त्यावर न्यायाधीश व्हॅनडाइक यांनी आपल्या चेंबरमध्ये पिस्तुलाचे भाग हातात घेऊन व्हिडिओच काढला आणि असहमतीच्या निकालाला जोडला, सहकाऱ्यांना तो अजिबात रुचला नाही.

न्यूयॉर्कने 2013 मध्ये मॅगझीन 10 चं पण भरायच्या 7 च असा अजब नियम केला होता, तो कोर्टात टिकला नाही. कोलोराडोत त्याच साली 15 च्या मर्यादेनंतर राज्याचे दोन सिनेटर मतदारांनी मुदतीआधीच मतदान करून पदावरून हटवले.

अमेरिकेबाहेर कॅनडात पिस्तुलाला 10 आणि बहुतेक सेमी-ऑटो रायफलींना 5 अशी मर्यादा 1990 च्या दशकापासून आहे. न्यूझीलंडने ख्राइस्टचर्चच्या मशिदींतल्या गोळीबारानंतर 2019 मध्ये नियम कडक केले, पण तिथे स्वसंरक्षण हे बंदूक बाळगायचं कारण म्हणून मान्यच नसल्यामुळे हा वाद त्या अंगाने झाला नाही.