काळ्या अस्वलाची शिकार : सार्वजनिक जमिनीवरील जागेची निवड

अमेरिकेच्या सरकारी जंगलांत आणि माळरानांवर काळ्या अस्वलाची (उर्सस अमेरिकानस) परवान्याने शिकार करणारे लोक कोणती दरी, कोणता उतार आणि कोणता आठवडा धरायचा हे ज्या रीतीने ठरवतात, ती पद्धत. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू असल्याने सरकारी रानातली हौशी शिकार आपल्याला अनोळखी आहे. तिकडे जमीन बहुधा केंद्राची असते, पण शिकारीचे नियम राज्याचे. वनसेवेकडे सुमारे ७.८ कोटी हेक्टर, तर भू-व्यवस्थापन विभागाकडे सुमारे ९.९ कोटी हेक्टर जमीन आहे. राष्ट्रीय उद्यानांत सहसा शिकारीला बंदी असते.

नकाशा उघडण्याआधी त्या वर्षीची नियमपुस्तिका वाचावी लागते, कारण राज्य बदलले की शिकारीची तऱ्हाच बदलते. कोलोरॅडोत १९९२ साली मतदारांनी वसंतातली शिकार, आमिष आणि कुत्रे या तिन्हींवर बंदी घातली. ऑरेगनने १९९४ मध्ये आमिष व कुत्रे बंद केले. आयडाहोत बऱ्याच भागांत आमिष चालते, शेजारच्या मोंटॅनात चालत नाही. आमिष नसेल तिथे अस्वलाच्या पोटामागे, म्हणजे त्याच्या खाण्याच्या मागावर, जाणे एवढाच मार्ग उरतो.

शीतनिद्रेतून उठलेले अस्वल आधी कोवळे गवत शोधते. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारांवरचे बर्फ लवकर वितळते, म्हणून रॉकी पर्वतात एप्रिल-मेमध्ये दुर्बिणी तिकडेच रोखलेल्या असतात. हिमलोटांनी झाडे साफ केलेले पट्टेही तसेच. नवशिके मात्र दुर्गम कड्यांच्या मागे लागतात आणि लाकूडतोडीचे जुने, बंद रस्ते सोडून देतात. माती धुपू नये म्हणून अशा रस्त्यांवर अनेकदा गवत आणि क्लोव्हर (चाऱ्याची एक वनस्पती) पेरलेले असते; अस्वलाला ते आयते ताट. विष्ठा हिरवी, ओलसर, गवताच्या धाग्यांनी भरलेली असेल तर जागा चालू आहे. उलटवलेल्या दगडाखालची खोबण अजून दमट असेल, तर अस्वल नुकतेच येऊन गेले. बर्फाची रेषा वर सरकते तसे गवत वर जाते, अस्वलही.

उन्हाळ्याच्या शेवटी हकलबेरी (झुडपावरचे जांभळे रानफळ) पिकते आणि विष्ठा जांभळी होते. जुन्या वणव्याच्या जागी, ऊन पोचते तिथे, अशी झुडपे चांगली वाढतात. पूर्वेकडच्या ॲपलाचियन डोंगरांत सगळा हिशेब ओकच्या फळांवर चालतो. पांढऱ्या ओकचे फळ एका हंगामात पिकते, तांबड्या ओकला दोन लागतात. त्यामुळे वसंतात दव गोठवणारी कडाक्याची थंडी पडली की पांढरा ओक त्याच शरदात रिता राहतो, तांबड्याचे नुकसान पुढच्या वर्षी दिसते. गेल्या वर्षीची हमखास जागा यंदा ओस पडते ती यामुळेच.

जाण्यायेण्याचा प्रश्न वेगळाच. एकोणिसाव्या शतकात रेल्वे कंपन्यांना एक सोडून एक असे चौरस मैलाचे तुकडे दिले गेले, म्हणून पश्चिमेत सरकारी आणि खासगी जमीन बुद्धिबळाच्या पटासारखी आहे. काही सरकारी चौकोनांना वाटच नाही. शिवाय समोरच्या उतारावर जवळ भासणाऱ्या अस्वलापर्यंत पोचायला मधला ओढा ओलांडावा लागतो, आणि मांस पाठीवर घेऊन तेच अंतर परत चढायचे असते. जाड केस आणि चरबीमुळे कलेवर लवकर निवत नाही. मेच्या उन्हात मांस खराब व्हायला वेळ लागत नाही. अस्वलाचे नाक तिखट असल्याने वारा अंगावर येईल अशीच बैठक धरतात.

मोंटॅना, वायोमिंग आणि आयडाहोच्या काही भागांत ग्रिझली (तपकिरी अस्वलाचा एक प्रकार) हीही असते. अलास्का वगळता अमेरिकेच्या मुख्य भूमीवर तिला १९७५ पासून कायद्याचे संरक्षण आहे. काळे अस्वल तपकिरी, दालचिनी रंगाचे किंवा चक्क भुरेही असू शकते, तेव्हा रंगावरून ओळख पटवणे धोक्याचे. खांद्यावरचा उंचवटा, चेहऱ्याची ठेवण आणि नखांची लांबी पाहतात. मोंटॅनात काळ्या अस्वलाचा परवाना घेण्याआधी ही ओळखपरीक्षा उत्तीर्ण व्हावीच लागते.