मार्करपासून रेफरीपर्यंत

आपल्याकडच्या जुन्या जिमखान्यांत आणि क्लबांत बिलियर्ड्सच्या खोलीत एक माणूस ठरलेला असायचा : मार्कर. गुण पुकारायचे, बोर्डावरचा काटा सरकवायचा, पॉकेटमधले बॉल काढून द्यायचे, खेळ संपला की कापडाला ब्रश मारायचा. 1875च्या सुमारास जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये स्नूकर (काठीने पांढरा बॉल मारून लाल आणि रंगीत बॉल पॉकेटमध्ये पाडायचा खेळ) सुरू झालं, ते क्लबांच्या याच दुनियेत. नियमपुस्तकात मार्कर अजूनही रेफरीपेक्षा वेगळा अधिकारी आहे. पण खरं पाहता रेफरीचं निम्मं काम मार्करचंच : मोजणं, उचलणं, जागेवर ठेवणं.

स्नूकरची जागतिक स्पर्धा 1927 पासूनची. रेफरीचा चेहरा लोकांच्या ओळखीचा झाला तो मात्र टीव्हीमुळे. 1977 मध्ये स्पर्धा शेफील्डच्या क्रूसिबल नाट्यगृहात गेली. 1985 च्या अंतिम सामन्यात डेनिस टेलर आणि स्टीव्ह डेव्हिस 17-17 वर आले. शेवटची फ्रेम (सामन्यातला एक डाव) 68 मिनिटं चालली आणि काळ्या बॉलवर सुटली. मध्यरात्र उलटली तरी ब्रिटनमध्ये सुमारे 1 कोटी 85 लाख लोक टीव्हीसमोर होते. टेबलाशी रेफरी होते वेल्सचे जॉन विल्यम्स. त्यांनी असे 10 अंतिम सामने सांभाळले.

तोवर हे ब्रिटिशांचं घरचं काम होतं. स्थानिक संघटनेची परीक्षा, वरच्या श्रेणी, मग वर्षानुवर्षं छोट्या स्पर्धा, अशी वाट. 2003 मध्ये नेदरलँड्सचे यान व्हेरहास हे जागतिक अंतिम सामना सांभाळणारे ब्रिटनबाहेरचे पहिले रेफरी ठरले. मिकेला टॅब पूलच्या टेबलावरून आल्या. त्यांना नेहमीच्या लांब वाटेऐवजी जलद मार्गाने व्यावसायिक स्पर्धांत घेतलं गेलं. 2007 मध्ये रँकिंग (क्रमवारी ठरवणाऱ्या) स्पर्धेचा आणि 2009 मध्ये जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना सांभाळणाऱ्या त्या पहिल्या महिला. 2020 मध्ये जर्मनीचे मार्सेल एकार्ट 30व्या वर्षी तिथे उभे राहिले.

कसब दिसतं हातांत. बॉल 52.5 मिलिमीटरचा. गुलाबी बॉलमागे लाल बॉलचा त्रिकोण लावताना टोकाचा लाल गुलाबीच्या शक्य तितका जवळ हवा, पण टेकता कामा नये. रंगीत बॉलचा स्पॉट (टेबलावरची त्याची ठरलेली जागा) अडला असेल तर मोकळ्या स्पॉटांपैकी सर्वाधिक गुणांचा घ्यायचा. सगळेच अडले असतील तर स्वतःच्या स्पॉटजवळ, वरच्या कुशनच्या (टेबलाच्या रबरी कडेच्या) दिशेने. बॉल पुसायला सांगितला तर आधी त्याला खाचेचा मार्कर (हा माणूस नव्हे, जागा खुणावायचं छोटं साधन) टेकवायचा, मग उचलायचा, म्हणजे जागा केसभरही हलत नाही. हातमोजे यासाठीच : घामाचा डाग बॉलवर नको. 147 च्या ब्रेकमध्ये, म्हणजे एका पाळीत सलग मिळवायच्या सहसा सर्वाधिक गुणांत, प्रत्येक लालनंतर काळा पाडतात, त्यामुळे एकटा काळा 15 वेळा स्पॉटवर परत ठेवावा लागतो. रॉनी ओ'सलिव्हनने 1997 मध्ये हा ब्रेक पाच मिनिटांच्या आसपास केला, तेव्हा रेफरीलाही तेवढंच पळावं लागलं. खेळाडूने काळा स्पॉटवर येण्याआधी फटका मारला तर 7 गुणांचा फाऊल.

सगळ्यात अवघड जागा म्हणजे 'फाऊल अँड अ मिस'. खेळाडूने ठरलेला (नियमाने आधी लागायला हवा तो) बॉल गाठायला पुरेसा प्रयत्न केला नाही असं रेफरीला वाटलं तर प्रतिस्पर्धी सगळे बॉल मूळ जागी ठेवायला लावू शकतो. विस्कटलेले पाच-सहा बॉल पूर्वी आठवणीवर लावावे लागत. आता मार्करच्या टेबलावरच्या पडद्यावर आधीचं चित्र असतं आणि 'जरासा डावीकडे, अजून थोडा' असं चालतं. तरी चूक होतेच, म्हणून दोन्ही खेळाडूंना विचारून घेतात. समोर पूर्ण बॉल दिसत असताना लागोपाठ तीनदा चुकलं तर फ्रेम जाते. दुसऱ्या चुकीनंतर रेफरीने ताकीद द्यायची असते. ती राहिली तर वाद ठरलेलाच.

बाकी वेळ तोंड बंद. खेळाडू चुकीच्या बॉलकडे निघाला तरी सावध करायचं नाही. पण बॉलचा रंग विचारला तर सांगायचा. पीटर एब्डन आणि मार्क ॲलन हे खेळाडू रंगांध. लाल आणि तपकिरी त्यांना सहज वेगळे दिसत नाहीत. विचारलं तर 'तपकिरी' एवढंच उत्तर. न विचारता तपकिरीला लाल समजून मारलं तर फटका होईपर्यंत थांबायचं आणि मग पुकारायचं, फाऊल, चार.