घड्याळाने पडणं ओळखलं म्हणजे फ्रेल्टी ओळखली असं नाही

आईबाबांना स्मार्टवॉच घेऊन दिलं, फॉल डिटेक्शन ऑन केलं, आता त्यांना फ्रेल्टी (म्हणजे शरीराची राखीव ताकद आटत जाऊन येणारा नाजूकपणा) आली तर लगेच कळेल, हे इतक्यांदा ऐकलंय की आता लिहायलाच हवं. फॉल डिटेक्शन तुम्हाला माहितीच आहे, ॲपल वॉचमध्ये २०१८ ला सिरीज ४ पासून आलं, माणूस जोरात पडून हललाच नाही तर घड्याळ स्वतःच मदतीला फोन लावतं. एकट्या राहणाऱ्यांना ते हवंच.

पडणं ओळखायचं असो की फ्रेल्टी, सेन्सर तेच, ॲक्सेलेरोमीटर (हालचालीचे झटके मोजणारा) आणि जायरोस्कोप (वळणं-फिरणं मोजणारा). मनगटावर लावा की कमरेला, याने अचूकतेत फरक पडतो, पण खरा गोंधळ तो नाही.

गोंधळ होतो तो इथे: पडणं ही घटना आहे, मॉडेल (डेटावरून शिकलेला प्रोग्राम) सेन्सरचा काही सेकंदांचा सिग्नल बघतं, एकदम खाली जाणं, आदळणं, मग शांतता, झालं. फ्रेल्टी ही अवस्था आहे, शरीराची राखीव ताकद महिनोनमहिने आटत जाते आणि मग साधा न्यूमोनियाही माणसाला अंथरुणाला खिळवतो. लिंडा फ्राइड आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये पाच निकष मांडले: नकळत वजन घटणं, सतत थकवा, हाताची पकड कमजोर होणं, चाल मंदावणं, हालचाल कमी होणं. तीन किंवा जास्त असले तर फ्रेल, एक-दोन असले तर प्री-फ्रेल. बघा, यात पडणं कुठेच नाही! ज्या आजी भीतीने घराबाहेर पडायच्याच बंद झाल्यात त्या पडतही नाहीत, घड्याळ वर्षभर गप्प, घरचे निर्धास्त, आणि फ्रेल्टी मात्र वाढत चाललेली. उलट ओल्या फरशीवरून ठणठणीत माणूसही घसरतो.

म्हणून फ्रेल्टीचं मॉडेल कित्येक दिवसांचा डेटा घेतं: चालण्याचा वेग, एका पावलात आणि दुसऱ्यात किती फरक पडतो, खुर्चीतून उठायला किती वेळ लागतो, दिवसातला किती वेळ बसून जातो. नुसत्या स्टेप काउंटवर माझा अजिबात भरवसा नाही, पावसाळ्यात तो सगळ्यांचाच घसरतो. वजन आणि पकड तर मनगटावरच्या घड्याळाला कळतच नाही, त्यामुळे त्याचा स्कोअर म्हणजे अंदाज, निदान नाही. आयफोनमधलं वॉकिंग स्टेडीनेस (आयओएस १५, २०२१) चाल बघतं म्हणून थोडं जवळ येतं, पण तेही पडण्याची जोखीम सांगतं, फ्रेल्टी नाही.

आणि कोणी ॲक्युरसीचा मोठा आकडा दाखवला तर एकच विचारा, मॉडेलला शिकवताना (ट्रेनिंग) आणि नंतर तपासताना (टेस्ट) माणसं वेगळी होती का? एकाच आजोबांच्या डेटाचे तुकडे दोन्हीकडे टाकले तर मॉडेल फ्रेल्टी नाही, आजोबांची चाल ओळखायला शिकतं, आकडा मात्र झकास येतो. हे बघून खरंच चीड येते, कारण प्री-फ्रेल माणूस ताकदीचे व्यायाम आणि पुरेसं प्रोटीन मिळालं तर बऱ्याचदा सावरतो, तिथे चुकीचा दिलासा महागात पडतो.

घड्याळ असो नसो, घरात ४ मीटर मोजा, नेहमीच्या चालीने चालायला सांगा. ५ सेकंदांपेक्षा जास्त लागले, म्हणजे वेग सेकंदाला ०.८ मीटरच्या खाली गेला, तर डॉक्टरांना फ्रेल्टी तपासायला सांगा.