चित्र छापायचं तर आधी ठोकळा

आमच्या माळ्यावर जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा आहे. मुखपृष्ठ गुळगुळीत, मऊ रंगांचं आणि आत कथेतली चित्रं मात्र नुसत्या काळ्या रेघांची, असं का, हे मला फार उशिरा कळलं. चित्रकाराचा हात हे एक कारण झालंच, पण त्याचं चित्र छापखान्यात कशावरून छापलं जाणार हेही तितकंच मोठं कारण.

छापखान्याची जुनी अडचण अशी की अक्षरांचे खिळे वर उठलेले असतात, शाई त्या उठावावर लागते. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या चित्राचं याच्या उलट, शाई खाचेत बसते, त्यामुळे ते मजकुराबरोबर एका दाबात छापताच येत नाही. दगडावरून छापणाऱ्या शिळाप्रेसचंही तेच, तो कारभारच वेगळा. मग उपाय निघाला लाकडाचा, बॉक्सवुड नावाचं टणक लाकूड आडवं कापून त्याच्या तोंडावर कोरायचं आणि तो ठोकळा खिळ्यांच्याच उंचीचा करून शेजारी बसवायचा. १४ मे १८४२ ला ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ हे साप्ताहिक निघालं ते याच जोरावर, पहिल्याच अंकात १६ पानं आणि ३२ चित्रं. त्यात हँबर्गच्या आगीचं जे चित्र होतं ते शहराच्या एका जुन्या चित्रावर ज्वाळा काढून केलेलं, कारण तिथे जाऊन काढायला वेळच नव्हता!

बॉक्सवुडचं खोड बारीक, म्हणून मोठ्या चित्राला बरेच तुकडे बोल्टने जोडायचे, वर चित्र काढून झालं की तुकडे सुटे करून वेगवेगळ्या कारागिरांना वाटायचे, म्हणजे एकाच्या वाट्याला नुसतं आभाळ आणि दुसऱ्याच्या वाट्याला गर्दी, आणि रात्रभर कोरून सकाळी परत जोडायचे. जोड नीट बसला नाही तर छापात पांढरी रेघ दिसते. मला ती रेघ फार आवडते, तिथे माणसांचे हात दिसतात.

पुढे १८८० च्या सुमारास हाफटोन आला, फोटोचे बारीक ठिपके करून धातूचा ब्लॉक. आपल्याकडे कलकत्त्यात उपेंद्रकिशोर रायचौधुरींनी त्यावर इतका अभ्यास केला की ब्रिटिश छपाईच्या वार्षिकात त्यांचे लेख छापून आले. मुंबईत हाजी महंमद अल्लारखियांनी १९१६ साली ‘वीसमी सदी’ हे गुजराती मासिक काढलं आणि त्यात आपल्या कोल्हापूरच्या धुरंधरांची चित्रं आली. त्याआधी १९०९ मध्ये काशीनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला होता.

पण हाफटोनला कागद गुळगुळीत लागतो, साध्या कागदावर ठिपके पसरून चित्र काळवंडतं. म्हणून मराठी मासिकांत वाटणीच झाली, आतल्या स्वस्त कागदावर लाइन ब्लॉक, म्हणजे फक्त काळं आणि पांढरं, करडं काही नाही, सावली हवी तर रेघा दाट करायच्या. तिरंगी मुखपृष्ठाला आर्ट पेपर आणि प्रत्येक रंगाचा वेगळा ब्लॉक.

या दोन्ही गोष्टी ज्यांना साधल्या ते मडगावचे चित्रकार दीनानाथ दलाल. १९४५ ला त्यांनी स्वतःचं ‘दीपावली’ हे नियतकालिक काढलं. त्यांची कथाचित्रं बघा, चार-पाच रेघांत बाईची मान, पदर, नजर सगळं येतं आणि बाकी पान मोकळं. माझ्या मते लाइन ब्लॉकची सक्ती त्यांनी स्वतःची शैली करून टाकली. रघुवीर मुळगावकर पण मूळचे गोव्याचेच, त्यांचा स्प्रेचा मऊ रंग मात्र हाफटोनशिवाय उतरलाच नसता, म्हणून ते आपल्याला मुखपृष्ठांवर आणि कॅलेंडरांवर जास्त आठवतात. व्यंगचित्रकार वसंत सरवटे तर नोकरीने इंजिनिअर, पण ‘ललित’ मासिकाच्या दिवाळी अंकाचं त्यांचं मुखपृष्ठ म्हणजे वर्षानुवर्षं वाचकांनी वाट बघायची गोष्ट होती.

नंतर ऑफसेट आलं, म्हणजे सपाट पत्र्यावरून छपाई, आणि ब्लॉक गेले. पेन्सिल, वॉश म्हणजे पातळ रंगाचा हात, काहीही थेट छापता येऊ लागलं, पण त्याच सोयीने फोटोही स्वस्त झाला. आमच्या गठ्ठ्यात वरचे अंक बघितले की मुखपृष्ठावर फोटो आहेत, रंगवलेल्या बायका बघायच्या तर खालचे अंक काढावे लागतात.