लेबल-यंत्र : वेष्टनाच्या आकारानुसार निवड

बाटली, बरणी, डबा, खोका, पाऊच अशा वेष्टनांवर लेबल ठरावीक जागी चिकटविणारे यंत्र. लेबल सोडणारे डोके बहुतेक यंत्रांत सारखेच असते. वेष्टन कसे धरायचे व कसे फिरवायचे, यात खरा फरक पडतो. म्हणून निवड आकारावरून करावी, मिनिटाला किती नग हा प्रश्न नंतरचा.

स्वयंचिकट लेबलाचे श्रेय सामान्यतः अमेरिकेतील स्टँटन एव्हरी यांना व १९३५ या वर्षाला देतात. तथापि दाबाने चिकटणारा थर त्याहून जुना आहे. रबरी चिकट थराच्या वैद्यकीय पट्ट्या साधारणपणे १८४५ पर्यंत मागे नेल्या जातात. रिचर्ड ड्रू यांची मास्किंग टेप १९२५ ची. सहज सुटणाऱ्या पाठकागदावर (लेबलामागच्या आधार-कागदावर) आधीच कापलेली लेबले यंत्राने तयार करणे, एवढे श्रेय एव्हरींना देणे अधिक युक्त दिसते. यंत्राच्या दृष्टीनेही महत्त्व पाठकागदालाच आहे. सिलिकोन लावलेला हा कागद पील प्लेटच्या (डोक्याच्या टोकाला असलेल्या पातळ पट्टीच्या) धारेवरून एकदम मागे वळतो. ताठ लेबल वळू शकत नाही, ते सुटून बाटलीकडे जाते. लेबल फार लवचीक असेल, तर तेही कागदाबरोबर वळते. लेबल कापताना पाते खोल गेलेले असेल, तर पाठकागद तिथेच तुटतो आणि दोष मात्र यंत्राला लागतो.

बडोद्यात या विषयाला जुनी पार्श्वभूमी आहे. गज्जर, कोटिभास्कर व अमीन यांनी १९०७ मध्ये स्थापन केलेल्या अलेम्बिक या औषध-कंपनीपासून तेथे औषधे तयार होतात, आणि द्रव औषधाचे वेष्टन म्हणजे मुख्यतः गोल बाटली व व्हायल (लहान कुपी).

गोल बाटलीला रॅप-अराउंड (लेबल भोवती गुंडाळणारे) यंत्र लागते. पट्टा व दाब-पाट यांमध्ये बाटली स्वतःभोवती फिरते. ६० मिमी व्यासाच्या बाटलीचा परिघ सुमारे १८८.५ मिमी, ५ मिमी चढ (एका टोकावर दुसरे टोक येण्याची जागा) धरल्यास लेबल १९३.५ मिमी लांब हवे. लेबल सुटण्याचा वेग बाटलीच्या पृष्ठवेगाशी जुळला नाही, तर चुण्या पडतात किंवा लेबल ताणले जाते. सुमारे १६ मिमी व्यासाची २ मिलीची व्हायल उभी चालवली तर कलंडते, म्हणून ती रुळांवर आडवी नेतात. एवढ्या लहान वळणावर जाड कागद कडेने उचलला जातो. तेथे पातळ कागद व तीव्र गोंद हवा.

निमुळत्या बरणीत चूक सर्वाधिक होते. ६० मिमी उंचीत व्यास ८० वरून ७६ मिमीवर येत असेल, तर फरक डोळ्यांना जाणवतही नाही. पण सरळ आयताकृती लेबल पूर्ण गुंडाळल्यावर त्याचे दुसरे टोक रुंद बाजूकडे सुमारे २५ मिमी सरकते. उपाय यंत्रात थोडा आणि लेबलात अधिक आहे : लेबल कमानीसारखे कापून घ्यावे, मग डोके तिरके करावे. नुसते डोके तिरके केल्याने लेबलाची सुरुवात तेवढी सरळ बसते.

लंबगोल शाम्पूच्या बाटलीला पुढे-मागे दोन डोकी, मधोमध आणणारी साखळी व वरून दाबणारा पट्टा लागतो. पट्टा सैल असल्यास बाटली वळते व लेबल तिरके बसते. दोन दिशांनी वळणाऱ्या पृष्ठावर कागद चुणीशिवाय बसत नाही. तेथे पॉलिइथिलीन फिल्म किंवा श्रिंक स्लीव्ह (उष्णतेने आकसून बसणारी प्लॅस्टिकची नळी) वापरतात. बाटलीचा कमाल परिघ २४० मिमी व मानेचा परिघ १२० मिमी असेल, तर स्लीव्ह निम्म्याने आकसावी लागते; पीईटीजी हे प्लॅस्टिक तेवढे आकसू शकते.

खोके सपाट असल्याने सोपे. पाऊच मात्र भरल्यावर फुगतो. लीलो चिवड्याच्या (बडोद्याच्या ओलसर चिवड्याच्या) पाऊचवर लेबल लावायचे, तर पाऊच रिकामे असतानाच फ्रिक्शन फीडरने (घर्षणाने गठ्ठ्यातून एकेक पाऊच पुढे सरकवणाऱ्या साधनाने) सोडून लावतात. पारदर्शक लेबलांमधील फट प्रकाश-सेन्सरला दिसत नाही. अल्ट्रासॉनिक किंवा कपॅसिटिव्ह सेन्सर मागावा. थंड भरलेल्या बाटलीवर पावसाळ्यात दव बसते आणि लेबल सरकते, म्हणून डोक्याच्या आधी हवेचा झोत हवा.

खरेदीपूर्वी चाचणी नेहमीच्या पुरवठादाराच्या भरलेल्या बाटल्यांवर घ्यावी. रिकामी प्लॅस्टिक बाटली दाबली जाते, भरलेली तितकी दाबली जात नाही, आणि निकाल वेगळा येतो.