अँडरसनव्हिल राष्ट्रीय दफनभूमी

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात, अँडरसनव्हिल या खेडेगावाजवळ असलेली सैनिकी दफनभूमी. अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–६५) दक्षिणेच्या (संघराज्यातून फुटून निघालेल्या राज्यांच्या) कैदेत मेलेले उत्तरेचे (संघराज्याच्या बाजूचे) सुमारे १३,००० सैनिक येथे पुरले आहेत. जवळपास कुठलीही मोठी लढाई झाली नव्हती. त्यांचा जीव घेतला तो शेजारच्या तुरुंगाने.

तुरुंगाचे नाव कॅम्प समटर. पकडलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांना गोऱ्यांच्या बरोबरीने युद्धकैदी मानायला दक्षिण तयार नव्हती. मुख्यतः त्यामुळेच १८६३ मध्ये दोन्ही बाजूंमधली कैद्यांची अदलाबदल बंद पडली आणि कैदी साचत गेले. फेब्रुवारी १८६४ पासून त्यांना येथे ओंडक्यांच्या कुंपणाआड, उघड्यावर डांबण्यात आले. आवार आखले होते सुमारे १०,००० जणांसाठी. जूनमध्ये ते वाढवून २६.५ एकर केले, तरी ऑगस्टमध्ये आत ३२,००० हून अधिक माणसे होती. मधून वाहणारा ओढा एकच, पिण्यालाही तोच आणि शौचालाही तोच. हगवण, आमांश आणि स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग) यांनी माणसे मरू लागली. चौदा महिन्यांत आलेल्या सुमारे ४५,००० कैद्यांपैकी चारांत एकाहून अधिक दगावले.

पुरण्याचे काम कैद्यांकडेच होते. लांब चर खणून प्रेते शवपेटीविना, खांद्याला खांदा लावून ठेवत आणि डोक्याशी क्रमांकाची लाकडी खूण रोवत. आजच्या संगमरवरी पाट्या एकमेकींना जवळजवळ चिकटलेल्या दिसतात त्या यामुळे. पाहणाऱ्याला ती लष्करी शिस्त वाटते, पण मुळात ती चरातली दाटी आहे.

एवढ्या घाईत पुरलेल्यांची नावे टिकली ती डोरेन्स ॲटवॉटर या कनेक्टिकटच्या कोवळ्या वयाच्या कैद्यामुळे. मृतांची नोंदवही लिहिण्याचे काम त्याच्याकडे होते. दक्षिणेचे अधिकारी मूळ वही उत्तरेच्या हाती लागू देणार नाहीत, या शंकेने त्याने गुपचूप दुसरी प्रत उतरवली आणि सुटताना सोबत आणली. १८६५ च्या उन्हाळ्यात कॅप्टन जेम्स मूर यांच्या तुकडीबरोबर तो व क्लारा बार्टन (पुढे अमेरिकन रेड क्रॉसच्या संस्थापक) येथे आले. यादीतले क्रमांक खुणांशी ताडून थडग्यांवर नावे लागली आणि १७ ऑगस्ट रोजी बार्टन यांनी ध्वज चढवला. अनोळखी उरली सुमारे ४६० थडगी. नॉर्थ कॅरोलायनातील सॉल्झबरी येथील दक्षिणेच्याच दुसऱ्या तुरुंगात मेलेले बहुतेक सैनिक चरांत निनावीच राहिले, हे पाहता या यादीचे मोल कळते. अमेरिकेच्या सरकारने मात्र यादी चोरल्याच्या आरोपाखाली ॲटवॉटरलाच शिक्षा ठोठावली. तो सुटल्यावर, १८६६ मध्ये, ती यादी न्यूयॉर्क ट्रिब्यून या वृत्तपत्रामार्फत छापून मृतांच्या घरांपर्यंत पोचली.

सहा थडगी मुद्दाम वेगळी ठेवलेली आहेत. सोबतच्या कैद्यांना लुटणाऱ्या व मारणाऱ्या टोळीच्या सहा म्होरक्यांना कैद्यांनीच खटला चालवून ११ जुलै १८६४ रोजी फाशी दिले, ती त्यांची. स्मृतिदिनी (मृत सैनिकांच्या आठवणीचा अमेरिकेतील दिवस) बाकी थडग्यांपाशी छोटे ध्वज लावतात, या सहांपाशी लावत नाहीत. तुरुंगाचा अधिकारी हेन्री वर्झ याला युद्धानंतर नोव्हेंबर १८६५ मध्ये वॉशिंग्टनमध्ये फाशी झाली.

१९७० मध्ये तुरुंगाची जागा आणि दफनभूमी मिळून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ घोषित झाले. नंतरच्या युद्धांतील सैनिक व माजी सैनिक यांचेही दफन येथे होत आले असून ते आजही चालू आहे.