कोपऱ्यातला लाल ठिपका: स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशन की सिंग्युलॅरिटी?

यंत्रमागाचं ब्रॅकेट असो की साखर कारखान्यातल्या रोलरचा शाफ्ट, सोलापुरात एफईए (भागाचे छोटे तुकडे पाडून संगणकावर स्ट्रेस, म्हणजे ताण, काढण्याची पद्धत) रिपोर्ट उघडला की कोपऱ्यातल्या, सर्वाधिक स्ट्रेस दाखवणाऱ्या लाल ठिपक्याखाली ठरलेलं वाक्य असतं: ‘स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशनमुळे स्ट्रेस जास्त.’ लगेच १० मिमीची प्लेट १२ करा म्हणून शिफारस. त्यातले कितीतरी ठिपके सिंग्युलॅरिटीचे, म्हणजे गणितात स्ट्रेस अनंत होतो अशा बिंदूंचे असतात. त्या आकड्यावर जाडी ठरवणं म्हणजे लोखंड आणि पैसा फुकट घालवणं.

कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे भोकासारख्या जागी स्ट्रेस एकवटणं, सगळ्यांना पाठ आहे. १०० मिमी रुंद, १० मिमी जाड पट्टी, मधोमध २० मिमीचं भोक, ४० किलोन्यूटनची ओढ. भोकापाशी उरलेलं क्षेत्रफळ ८०० चौ. मिमी, सरासरी स्ट्रेस ५० एमपीए, भोकाच्या काठावर त्याच्या अडीच पट, म्हणजे १२५ च्या आसपास. मेश (छोट्या तुकड्यांची, म्हणजे एलिमेंटांची जाळी) कितीही बारीक करा, उत्तर तिथंच येऊन स्थिरावतं.

आता एल आकाराचं ब्रॅकेट घ्या, आतला कोपरा काटकोनी आणि त्रिज्या शून्य. रेषीय इलॅस्टिक गणितात (स्ट्रेस लोडच्या प्रमाणातच वाढतो असं धरून) त्या बिंदूवर स्ट्रेस अनंत असतो. अनंत आकडा सॉफ्टवेअर दाखवू शकत नाही, म्हणून एलिमेंटच्या आकाराला जेवढा झेपेल तेवढा दाखवतं. विल्यम्स यांनी १९५२ मध्ये अशा कोपऱ्यांचं गणित मांडलं. त्यानुसार काटकोनी कोपऱ्यात, अंतर कमी होत जाईल तसा स्ट्रेस अंतराच्या उणे ०.४५५ घाताने वाढतो. म्हणजे एलिमेंट निम्मा केला की आकडा सुमारे १.३७ पट. ४ मिमी मेशवर १८० आले, तर २ मिमीवर २४७, १ मिमीवर ३३८, अर्ध्या मिमीवर ४६३ च्या घरात. यातला खरा कोणता? एकही नाही. ‘मेश अजून बारीक करा म्हणजे उत्तर अचूक येईल’ हा सल्ला भोकाला लागू पडतो, इथं तो थेट चुकीचा आहे.

म्हणून तपासणी एकच: त्या जागी मेश दोनदा निम्मा करा. वाढ मंदावली तर कॉन्सन्ट्रेशन, दर वेळी त्याच पटीत वाढत राहिला तर सिंग्युलॅरिटी. नोडवरचा (एलिमेंट जुळतात त्या बिंदूवरचा) सरासरी आकडा पाहू नका, सरासरी न काढलेला पाहा. शेजारच्या एलिमेंटांत मोठी तफावत दिसली तर मेश तिथं अपुरा आहे.

सर्वांत खटकणारी सवय वेगळीच. मेशला त्रास नको म्हणून कॅड मॉडेलमधून ३ मिमीचं फिलेट (कोपऱ्याची गोलाई) काढून टाकायचं आणि मग नेमका त्याच कोपऱ्यातला स्ट्रेस रिपोर्टात छापायचा. फिलेट होतं तोवर ते कॉन्सन्ट्रेशन होतं, काढल्यावर सिंग्युलॅरिटी झाली. स्ट्रेस तिथलाच हवा असेल तर फिलेट परत घाला, पाव वर्तुळावर किमान ६ क्वाड्रॅटिक (कडांच्या मध्यावरही नोड असलेले) एलिमेंट द्या. मॉडेल मोठं असेल तर तेवढ्याच भागाचं सबमॉडेल (बारीक मेशचं वेगळं मॉडेल) करा. तिथला स्ट्रेस नकोच असेल तर फिलेट खुशाल काढा. सरकणं आणि रिअ‍ॅक्शन (आधारांवर येणारं बल) यांवर फारसा फरक पडत नाही.

प्लॅस्टिक मटेरिअल (यिल्डनंतर कायमचं वाकणारं, असं मॉडेल) लावलं की प्रश्न सुटला, असंही काही जण मानतात. आकडा यिल्डपाशी (धातू कायमचा वाकायला लागतो त्या स्ट्रेसपाशी) अडकतो, म्हणून तो पटतो. पण प्लॅस्टिक स्ट्रेन (कायमचं ताणलं जाणं) मेश बारीक होईल तसा वाढतच राहतो. आकडा समजूतदार दिसला म्हणून तो बरोबर होत नाही.

पूर्ण जखडलेल्या कडेच्या टोकाला आणि एका नोडवर दिलेल्या लोडखालीही हीच सिंग्युलॅरिटी येते. नोडवरचा लोड खऱ्या स्पर्शाच्या क्षेत्रावर पसरवा.

वेल्डच्या पायथ्याला तर तीक्ष्ण कोपरा जवळजवळ अटळच, आणि फटीग (पुन्हा पुन्हा लोड येऊन तडा जाणं) तिथंच सुरू होतो. तिथं हॉट स्पॉट पद्धत वापरा: पायथ्यापासून जाडीच्या ०.४ पट आणि १ पट अंतरावरचे पृष्ठभागावरचे स्ट्रेस घ्या. पहिल्याला १.६७ ने गुणा, दुसऱ्याला ०.६७ ने, आणि वजाबाकी करा. १० मिमी प्लेटसाठी ही ठिकाणं ४ मिमी आणि १० मिमीवर येतात. मेश आधीच असा आखा की नोड नेमके तिथं पडतील.